सीटीवर सुई घालताना रेडिएशन किती लागतं? कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुप्फुसाची बायोप्सी, मणक्यातला नमुना, पोटातला पू काढायला टाकलेली पिगटेल नळी, स्वादुपिंडाच्या कॅन्सरची कळ थांबवायला दिलेलं नसांचं इंजेक्शन. ही कामं आता कोल्हापुरातही सीटीच्या टेबलावर होतात. पेशंट गडहिंग्लज, चंदगड, राधानगरी, इचलकरंजीहून येतात. निपाणीकडचे आणि घाट चढून येणारे सिंधुदुर्गातले वेगळेच. सुईची भीती सगळ्यांनाच असते, पण पहिला प्रश्न बहुतेक वेळा रेडिएशनचा असतो. खालचे सुरुवातीचे प्रश्न पेशंट आणि नातेवाइकांचे आहेत, नंतरचे सीटी विभागात काम करणाऱ्यांचे. एकमेकांचे प्रश्न वाचायला हरकत नाही.

वडिलांचा सीटी आठच दिवसांपूर्वी झालाय. बायोप्सीला परत स्कॅन कशाला?

आधीचा स्कॅन गाठ शोधायला होता, आताचा सुईला वाट दाखवायला आहे. निदानाच्या वेळी पेशंट उताणा असतो. गाठ पाठीकडे असेल तर बायोप्सीला पालथं झोपवावं लागतं आणि कूस बदलली की फुप्फुस, यकृत, आतडी सगळीच थोडी सरकतात. त्यामुळे त्या दिवशीच्या झोपण्याच्या स्थितीतलं चित्र लागतंच.

पण अख्ख्या छातीचं चित्र लागत नाही. जुना स्कॅन समोर असेल तर गाठ कुठल्या पातळीवर आहे हे आधीच कळतं आणि तेवढाच पट्टा घेऊन भागतं. रक्तवाहिन्या जुन्या स्कॅनमध्ये दिसत असतील तर शिरेतून परत औषध देऊन स्कॅन करणंही बहुधा टळतं. म्हणून येताना सीडी किंवा पेनड्राइव्ह आणा. नुसता टाइप केलेला रिपोर्ट आणून उपयोग नाही. पेट-सीटी झालेला असेल तर त्याचीही सीडी आणा. मोठ्या गाठीचा मधला भाग कधी कधी मेलेला असतो आणि जिवंत भाग कुठे आहे ते त्यात दिसतं. सुई नेमक्या जागी गेली तर पुन्हा बायोप्सी करायची वेळ येत नाही.

एका बायोप्सीत नेमका किती डोस बसतो?

याचं एकच उत्तर देणारा माणूस भेटला तर जरा जपून. एकाच मशीनवर, एकाच गाठीसाठी, दोन हातांत सातपट फरक पडू शकतो. कसा, ते हिशेब मांडून बघू.

मशीन दोन आकडे देतं. सीटीडीआय-व्हॉल हा मिलिग्रेमध्ये असतो. त्या स्कॅनमध्ये क्ष-किरणांचा मारा किती दाट होता, ते तो सांगतो. त्याला स्कॅन केलेल्या लांबीने गुणलं की डीएलपी मिळतो. छातीच्या स्कॅनमध्ये डीएलपीला ०.०१४ ने, पोटाच्या स्कॅनमध्ये ०.०१५ ने गुणलं की शरीराला बसलेला डोस अंदाजे मिलिसीव्हर्टमध्ये येतो.

आता उदाहरणादाखल एक फुप्फुसाची गाठ घ्या. पहिल्या पद्धतीत सुरुवातीला ३० सेंटीमीटर छाती ८ मिलिग्रेवर स्कॅन केली: डीएलपी २४०. मग सुई थोडी पुढे सरकवली की दर वेळी त्याच ८ मिलिग्रेवर १० सेंटीमीटरचा स्कॅन. असं दहा वेळा झालं की ८००. शेवटी हवा शिरली का ते बघायला पुन्हा पूर्ण छाती, आणखी २४०. एकूण १,२८०, म्हणजे साधारण १८ मिलिसीव्हर्ट.

दुसऱ्या पद्धतीत जुना स्कॅन बघून फक्त १२ सेंटीमीटरचा पट्टा घेतला: ९६. दर तपासणीला सुईभोवतीचे तीनच काप, मिळून दीड सेंटीमीटर, तेही २ मिलिग्रेवर. दहा तपासण्यांचे मिळून ३०. शेवटी १५ सेंटीमीटर, ३ मिलिग्रेवर: ४५. एकूण १७१, म्हणजे सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट.

सुई तीच, गाठ तीच, नमुनाही तोच. नवं मशीन आलं की डोस आपोआप कमी होतो अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी, कारण किती लांबी घ्यायची आणि किती वेळा घ्यायची हे मशीन ठरवत नाही.

एक बारीक गोष्ट. सीटीडीआयचा आकडा पेशंटच्या अंगात मोजलेला नसतो. छाती-पोटासाठी तो ३२ सेंटीमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या दंडगोलावरून काढलेला असतो. उसाच्या फडात राबणाऱ्या, अंगावर मांस नसलेल्या माणसाला स्क्रीनवर दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त डोस बसतो, स्थूल माणसाला कमी. म्हणून किडकिडीत पेशंटला सेटिंग खाली आणायलाच हवं.

२.४ किंवा १८ मिलिसीव्हर्ट म्हणजे जास्त की कमी? यामुळेच कॅन्सर होणार नाही ना?

जमीन, आकाश, अन्न आणि घरातली हवा यांतून माणसाला जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर थोरियम असलेल्या वाळूमुळे हे प्रमाण काही ठिकाणी कित्येक पट आहे. आपल्या काळ्या कातळात युरेनियम-थोरियम तसं कमीच.

धोक्याचा हिशेब आंतरराष्ट्रीय किरण संरक्षण आयोग १ सीव्हर्टला साधारण ५ टक्के असा धरतो. त्या हिशेबाने १० मिलिसीव्हर्टला १०,००० माणसांत ५ जणांना जादा धोका येतो. एवढ्या कमी डोसला धोका खरंच याच प्रमाणात असतो का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. सावधगिरी म्हणून तो असतो असं धरून चालायचं. दुसरीकडे भारतात जन्मभरात साधारण नऊ जणांत एकाला कुठला ना कुठला कॅन्सर होतो, असं राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीचे अहवाल सांगतात.

ज्यांच्या छातीत आधीच गाठ दिसली आहे त्यांच्यासाठी खरा प्रश्न वेगळा असतो: ती कॅन्सर आहे की टीबी? शिरोलीच्या फौंड्रीत वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाच्या फुप्फुसात धुळीच्याही गाठी होतात. नमुन्याशिवाय हे नक्की करता येत नाही. रेडिएशनच्या भीतीने बायोप्सी दोन महिने पुढे ढकलणं हा सगळ्यात तोट्याचा सौदा. खुद्द सुईचा धोकाही मोठा आहे: फुप्फुसाच्या बायोप्सीत साधारण चार-पाच जणांत एकाच्या छातीत थोडी हवा शिरते आणि त्यातल्या काहींना नळी घालावी लागते. संमतीपत्रावर सही करण्याआधी त्याबद्दल जास्त विचारा.

कॅन्सरला देतात तो शेक आणि हे रेडिएशन एकच का?

जात एकच, मात्रा वेगळी. फुप्फुसाच्या गाठीला पूर्ण उपचारात ६० ग्रेच्या आसपास शेक दिला जातो, म्हणजे ६०,००० मिलिग्रे. सीटीच्या एका स्कॅनमध्ये तोच आकडा साधारण ५ ते १५ मिलिग्रे असतो.

घरी गेल्यावर नातवंडांना जवळ घेऊ का?

घ्या. क्ष-किरणांचं बटण सुटलं की किरण संपले, अंगात काही उरत नाही. पेट स्कॅननंतर काही तास आणि थायरॉइडसाठी आयोडीन दिल्यावर काही दिवस लांब राहायला सांगतात, ते वेगळ्या कारणाने. तिथे किरणोत्सारी औषध शरीरात गेलेलं असतं.

हळद-दूध, नारळपाणी घेतलं तर रेडिएशन उतरतं का?

नाही. उपाशीपोटाची अट संपली की खुशाल प्या, पण उतरण्यासारखं काही अंगात नसतं.

मग सोनोग्राफीवर का करत नाहीत? तिथे तर रेडिएशनच नाही.

जिथे होतं तिथे करावंच. मानेतली गाठ, थायरॉइड, यकृतातली बरीच गाठोडी, छातीच्या भिंतीला टेकलेली फुप्फुसाची गाठ या सोनोग्राफीत दिसतात आणि सुई डोळ्यांसमोर पुढे जाताना दिसते. हवा आणि हाड मात्र ध्वनिलहरींना अडवतात. फुप्फुसात खोलवर, मणक्याच्या आत, किंवा आतड्यांच्या वायूमागे पोटाच्या पाठीमागच्या भागात काही असेल तर सीटीच. "सोनोग्राफीवर दिसते का, ते आधी बघितलंत का?" हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. त्यात अपमान मानणारा डॉक्टर मला तरी पटत नाही.

मणक्याच्या टीबीमुळे कमरेच्या स्नायूत पू साठतो, तो आपल्याकडे बराच दिसतो. त्याची नळी सीटीवर टाकली तरी पुढची तपासणी दर वेळी सीटीवरच करायची गरज नसते. पू किती कमी झाला ते बहुतेकदा सोनोग्राफीत कळतं. पेशंट तरुण असेल तर हा फरक महत्त्वाचा, कारण त्याच्यापुढे स्कॅनची रांग लागू शकते.

डोस कमी व्हावा म्हणून पेशंटच्या हातात काही आहे का?

बरंच आहे. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे श्वास. तपासणीच्या वेळी एकदा भरून श्वास घेतला आणि पुढच्या वेळी अर्धाच, तर गाठ दर वेळी वेगळ्या जागी जाते. मग ती शोधायला लांब पट्टा स्कॅन करावा लागतो. म्हणून मोठा श्वास नको; रोजच्यासारखा श्वास सोडून तिथेच थांबायचं, दर वेळी तेवढंच. घरी दोन दिवस सराव केलात तर टेबलावर सोपं जातं. मशीनमधला रेकॉर्ड केलेला आवाज बऱ्याचदा इंग्रजी किंवा हिंदी असतो. आजोबांना कमी ऐकू येत असेल, किंवा निपाणीकडच्या आजींना कन्नडच कळत असेल, तर आधीच सांगा. खांद्यावर हात ठेवून खूण ठरवता येते.

दुसरं, खोकला. ढास येत असेल तर लपवू नका, औषध देऊन दिवस बदलता येतो. तिसरं, पालथं किंवा कुशीवर अर्धा तास पडून राहायला जमेल का, ते प्रामाणिकपणे सांगा. मधे अंग हलवलं की पुन्हा पहिल्यापासून स्कॅन.

आणि गोळ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे सुरुवातीचा स्कॅन झाल्यावर आठवलं तर तो स्कॅन फुकट गेला. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून भेटीच्या दिवशीच दाखवा. आपल्या मनाने गोळी बंद मात्र करू नका. स्टेंट टाकलेल्यांनी तर नाहीच.

गरोदर असेल किंवा शंका असेल तर?

पाळीची तारीख सांगा, लाजू नका. छातीच्या बायोप्सीत गर्भाशय झोताच्या बाहेर असतं आणि तिथे पोहोचणारा डोस नगण्य असतो. पोट किंवा ओटीपोटाचं काम असेल तर सोनोग्राफी, एमआरआय किंवा थोडं थांबणं यांचा विचार आधी होतो. चुकून स्कॅन झाला म्हणून घाबरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नका. गर्भाला १०० मिलिग्रेपेक्षा कमी डोस मिळाला असेल तर त्यामुळे व्यंग येत असल्याचं दिसत नाही, आणि एका स्कॅनचा डोस सहसा त्याच्या बराच खाली असतो.

तालमीत जाणाऱ्या पोराची मांडी रात्री ठणकते. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा, म्हणजे हाडातली कॅन्सर नसलेली छोटी गाठ सांगितली आहे आणि सीटीवर सुईने जाळायचं म्हणतात. वय पंधरा. इतक्या लहान वयात चालेल?

चालेल, आणि बहुतेकदा हाच चांगला मार्ग ठरतो. हाड उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा पोरगं आखाड्यात लवकर परततं. लहान वयात पेशी किरणांना जास्त हळव्या असतात हे खरं. पण मांडीच्या मधल्या भागात नाजूक अवयव फारसे नसतात, त्यामुळे पोटाइतका धोका तिथे नाही. दुसरा पाय झोतातून बाजूला घेता येतो. हाड आणि सुई दोन्ही ठळक दिसणाऱ्या गोष्टी आहेत, तेव्हा सेटिंग खूप खाली ठेवूनही काम होतं. गाठ कमरेच्या सांध्याजवळ असेल तर मात्र स्कॅनची लांबी काटेकोर ठेवायला सांगा.

पेशंटच्या अंगावर शिशाचं कापड का टाकत नाहीत?

स्कॅन होणाऱ्या भागाबाहेर टाकलेल्या कापडाने पेशंटला जवळजवळ काहीच फायदा होत नाही. शरीराच्या आतून पसरणारे किरण ते अडवू शकत नाही. उलट कापड झोतात सरकलं तर मशीनला पेशंट जाड वाटतो आणि ते करंट, म्हणजे किरणांचं प्रमाण, वाढवतं. वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०१९ मध्ये जननेंद्रियांवर असं कापड टाकायची जुनी सवय सोडा असं जाहीर केलं. खोलीत उभं राहून सुई घालणाऱ्या डॉक्टरांसाठी झोताच्या शेजारी टाकलेलं कापड वेगळं, त्याने त्यांच्या हाताकडे येणारे विखुरलेले किरण कमी होतात.

कातडी भाजते का?

साध्या बायोप्सीत नाही. कातडी तात्पुरती लाल व्हायला एकाच जागी २ ग्रे, म्हणजे २,००० मिलिग्रे लागतात. लांबलेल्या अॅब्लेशनमध्ये (गाठ सुईने जाळण्याच्या कामात) टेबल न हलवता तीच पट्टी पुन्हा पुन्हा स्कॅन होते, तिथे बेरजेवर लक्ष ठेवावं लागतं. मशीनचा सीटीडीआय अशा वेळी कातडीच्या खऱ्या डोसपेक्षा जास्तच दाखवतो, म्हणजे चूक झाली तर सुरक्षित बाजूला होते.

सेंटर नियमात आहे हे कसं ओळखायचं?

सीटी मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा परवाना लागतो. हे मंडळ १९८३ पासून आहे. परवाना आहे का आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसर कोण, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. स्कॅनच्या चित्रांसोबत डोस रिपोर्टचं पानही सीडीत द्या म्हणा.

इथून पुढे सीटी विभागातल्यांसाठी. सुई तपासताना केव्ही (किरणांचा जोर) आणि एमए (करंट, किरणांचं प्रमाण) किती ठेवायचं?

निदानाचं चित्र आणि सुईचं चित्र यांत गल्लत होते, तिथेच सगळा डोस वाया जातो. धुक्यातून पन्हाळ्याचा डोंगर ओळखू येतोच. तटाचा दगड न् दगड दिसायची गरज नसते. धातूची सुई फुप्फुसाच्या हवेत दाणेदार चित्रातही लख्ख दिसते. तिथे ८० ते १०० केव्ही आणि १० ते ३० एमए सहज पुरतात. बाकी काही न बदलता १२० वरून १०० केव्हीवर आलात तरी डोस साधारण एक-तृतीयांशाने उतरतो. एमए निम्मा केला की डोस निम्मा.

यकृतातली फिकट गाठ असेल तर इतकं खाली जाता येत नाही, गाठच दिसेनाशी होते. तिथे एकदा चांगलं चित्र घ्या, आजूबाजूच्या खुणा लक्षात ठेवा आणि पुढच्या तपासण्या कमी डोसवर करा.

तपासणीच्या कापांसाठी ऑटोमॅटिक करंट बंद करून एमए हाताने ठरवा. पेशंट गँट्रीच्या, म्हणजे मशीनच्या गोल कड्याच्या, मध्यावर घ्या. टेबल वर-खाली राहिलं की टोपोग्राममध्ये (स्कॅन आखायला आधी घेतलेल्या सपाट चित्रात) पेशंट आहे त्यापेक्षा जाड किंवा बारीक दिसतो आणि करंट चुकतो. कातडीवरची खूण करायला जुन्या कॅथेटरचे तुकडे समांतर चिकटवून केलेली जाळी उत्तम चालते. ती लावून पट्टा घेतला की सुईची जागा एकदाच ठरते.

आणि तपासण्या अशा मोजक्या कापांवर आणल्या की उरलेल्या डोसचा मोठा वाटा सुरुवातीच्या आणि शेवटच्या लांब स्कॅनमध्ये असतो. मग कात्री तिथे लावा.

सीटी फ्लुरोस्कोपी (पेडल दाबून टेबलाजवळच चित्र बघायची सोय) आहे. पेडल दाबून ठेवू की टप्प्याटप्प्याने?

टप्प्याटप्प्याने. सुई सरकवा, हात बाजूला घ्या, पेडलला क्षणभर स्पर्श करा, बघा. सलग फ्लुरो फक्त श्वासाबरोबर पळणाऱ्या छोट्या गाठीला, तोही काही सेकंदच. हात झोतात कधीच नाही. सुई धरायला लांब चिमटा किंवा होल्डर वापरा. फ्लुरो नसलेल्या सेंटरमध्ये दर वेळी कन्सोलमध्ये जाऊन यावं लागतं, त्याचा कंटाळा येतो, पण डॉक्टरांचा डोस जवळजवळ शून्य राहतो हेही बघा.

खोलीत थांबावंच लागलं तर कुठे उभं राहायचं?

गँट्रीच्या तोंडासमोर, पेशंटला चिकटून उभं राहणं सगळ्यात वाईट. गँट्रीच्या कडेला तिच्या आडोशात थांबा किंवा मागे सरका. १ मीटरवरून २ मीटरवर गेलात की डोस चौथ्या हिश्श्यावर येतो. एप्रन, थायरॉइड कॉलर आणि डोळ्यांना शिशाचा चष्मा. डोळ्याच्या भिंगाची मर्यादा आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ मध्ये वर्षाला १५० वरून सरासरी २० मिलिसीव्हर्टवर आणली, कारण मोतीबिंदू समजत होतो त्यापेक्षा कमी डोसला होतो. एप्रन घडी घालून खुर्चीवर टाकू नका, आतलं शिसं चिरतं, टांगून ठेवा.

टीएलडी बॅज (अंगावर पडलेला डोस मोजणारा) कुठे लावायचा? मर्यादा किती?

छातीवर, एप्रनच्या आत. हाताचं काम जास्त असेल तर मनगटाला वेगळा. आपल्याकडे कामगाराची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० आहे. रीडिंग वाढेल म्हणून बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून काम करणारे लोक आहेत. त्यांच्या रिपोर्टमध्ये शून्य येतं आणि डोस अंगातच जातो.

टेक्निशियन गरोदर राहिली तर नोकरी सोडावी लागते का?

नाही. लवकरात लवकर लेखी कळवायचं. त्यानंतर पोटातल्या बाळासाठी १ मिलिसीव्हर्टची मर्यादा लागू होते. कन्सोलच्या बाजूचं काम चालू ठेवता येतं. सुईच्या केसमध्ये आत थांबायची ड्युटी दुसऱ्याला द्यावी.

आमचं सेंटर छोटं आहे, डोस ट्रॅक करायचं सॉफ्टवेअर नाही. नोंद कशी ठेवायची?

शंभर पानी वही पुरते. तारीख, काम कोणतं, पेशंटचं वजन, सुरुवातीच्या स्कॅनची लांबी, सुईच्या तपासण्या किती, एकूण डीएलपी, नमुना पुरेसा आला का, आणि सुई कोणी घातली. नमुन्याचा रकाना सोडू नका. डोस वाचवायच्या नादात नमुना अपुरा आला तर सगळंच पुन्हा करावं लागतं. तीन महिन्यांनी फुप्फुसाच्या केस वेगळ्या काढून डीएलपी उतरत्या क्रमाने लावा. वरच्या पाच केसमध्ये आधी लांबीचा रकाना बघा, मग तपासण्यांचा. बहुतेक वेळा लांबीच्या रकान्यातच उत्तर सापडतं.